टोपलीबाबतची वस्तुस्थिती

भारतात मूळनिवासी असे कोणी वेगळे नाहीत; या भूमीवर राहणारे सगळेच मूळचे आहेत. वाक्य भारदस्त आहे. जिनिव्हात दर जुलैला जगभरच्या आदिवासींच्या हक्कांसाठी मोठी बैठक भरते, तिथं सरकारतर्फे गेली अकरा वर्षं ते गंभीर चेहऱ्यानं वाचलं जात होतं. शांताराम मेंगाळनं ते लिहिलं तेव्हा त्याची दाढ दुखत होती. चौऱ्याऐंशी सालच्या जूनमधली दुपार, सव्वाचारची वेळ. साहेबांना पाचच्या आत कागद हवा होता आणि दाताच्या डॉक्टरनं साडेपाचला बोलावलं होतं. देश मोठा, प्रश्न त्याहून मोठा आणि गाल सुजून टम्म. तेव्हा कोण आधीचा नि कोण नंतरचा या भानगडीत न शिरता त्यानं एका फटक्यात सत्तर-पंच्याहत्तर कोटींना मूळचं करून टाकलं आणि फाइल वर पाठवली. दाढ निघाली, वाक्य राहिलं. पुढं दरवर्षी जून उजाडला की जुनी फाइल बाहेर यायची, गेल्या वर्षीच्या निवेदनावर नव्या सालाचा आकडा चढायचा आणि सहा परिच्छेदांचा तो एकपानी कागद चार सह्या अंगावर घेऊन परदेशी रवाना व्हायचा. शांताराम आता अवर सचिव होता. खात्यात त्या वाक्याला ‘मेंगाळजी का पैरा’ म्हणत. तो स्वतः जिनिव्हाला कधी गेला नव्हता. लिहिणारे वेगळे असतात, जाणारे वेगळे. आणि तो स्वतः अकोले तालुक्यातल्या डोंगरातला ठाकर होता, सरकारच्याच यादीप्रमाणे अनुसूचित जमातीचा. खात्याला हे त्याच्या सेवापुस्तकावरून ठाऊक होतं, पण अकरा वर्षांत दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यालाही नाही. जीभ मात्र अधूनमधून दाढेच्या रिकाम्या जागेत जाऊन बसायची.

पंच्याण्णवच्या जुलैत, एका मंगळवारी सकाळी, सहसचिव भटनागर साहेबांनी त्याला बोलावून तीन पानांची झेरॉक्स पुढं सरकवली. “मेंगाळजी, मुनिरका की वो संस्था इस बार भी किसी को भेज रही है जिनीवा. स्पीच पहले ही हाथ लग गयी. तीसरा पन्ना देखिए, कोई टोकरी का किस्सा है. वैसे रोचक है.” भटनागर साहेब सज्जन होते. एखादी गोष्ट नाकारण्याआधी तिचं कौतुक करायचे. “आप तो उधर ही के हैं. सातवाँ पैरा डाल दीजिए, कि इस टोकरी वाली घटना का कोई रेकॉर्ड नहीं है. बाक़ी लास्ट इयर वाला.” शांताराम “जी सर” म्हणाला आणि उभ्याउभ्याच तिसरं पान वाचू लागला. ‘माझी आजी डोंगरात कडू कंद खणायची. त्याच्या चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकडून, टोपलीत भरून ती रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायची, म्हणजे विष निघून जायचं. एके दिवशी जंगलखात्याच्या रखवालदारानं बुटाच्या लाथेनं ती टोपली उडवली. आजी रडली. तिचा लहान मुलगा काठावर उभा होता. तो माझा बाप.’ भाषणावर नाव नव्हतं, फक्त संस्थेचा शिक्का. शांतारामच्या मनात पहिला विचार आला तो असा, की बूट नव्हते. दुसरा आला तो, आई रडली नव्हती. आणि तिसरा यायच्या आत, तोंडात, दाढेच्या जागेपासून घशापर्यंत, एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा कडू रस हळूहळू पसरला. त्यानं साहेबांच्या टेबलावरच्या झाकलेल्या ग्लासातलं पाणी न विचारता पिऊन टाकलं. साहेबांनी सौजन्यानं दुसरीकडं पाहिलं.

म्हणजे संपदा. त्याची एकुलती एक, जेएनयूत शिकणारी आणि मुनिरक्यात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारी संपदा. गुरुवारच्या विमानानं ती जिनिव्हाला जाणार हे त्याला माहीत होतं; पण तिनं सांगितलं होतं पर्यावरणाची परिषद आहे म्हणून. त्यानं त्या आनंदात बसमध्ये अर्धा किलो बर्फी वाटली होती. टोपलीची गोष्टही त्यानंच तिला सांगितलेली, सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा, एका संध्याकाळी लाइट गेले होते म्हणून. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, पहाडगंजच्या मराठी शाळेत जाणारी. ‘चकती म्हणजे काय पप्पा, स्लाइस?’ असं विचारणारी. अंधारात माणूस सैल बोलतो. तरीही तो तेव्हा सगळं बोलला नव्हता. एक गोष्ट त्यानं गिळली होती, आणि नेमकी तेवढी सोडून बाकी सगळी गोष्ट आता झेरॉक्स होऊन त्याच्या हातात आली होती. खाली उत्तर लिहायला जागा सोडलेली. मुलगी पाच मिनिटं उभी राहून सांगणार की हे घडलं, आणि लगेच सरकारचा माणूस उभा राहून सांगणार की याची नोंद नाही, आणि ते शब्द तिच्या बापाचे असणार. आजवर ते वाक्य कुणाच्या तरी अंगावर जात होतं. कुणाच्या, हे पाहायची गरज पडली नव्हती, इतकंच.

त्याला रोज घरी नेणाऱ्या फरीदाबादच्या चार्टर्ड बसमध्ये जागा ठरलेल्या असतात. मागं पत्त्यांचा डाव, मधे भजनमंडळी, आणि शांतारामच्या शेजारी गेली चार वर्षं श्यामकांत गोडबोले, मूळचा पुण्याचा, नेहरू प्लेसला एका संगणक कंपनीत. घाम एकमेकांच्या बाहीला पुसला जात होता आणि बदरपूरला नेहमीप्रमाणे बस अडली होती. “काय मेंगाळ, कन्या कधी उडतेय?” “गुरुवारी.” “बढिया! स्विस चॉकलेट विसरू नका म्हणावं. तुमचं बरंय यार, आमचा दिवटा अजून राहिलेल्या विषयाची कंपार्टमेंट देतोय. परिषद कसली म्हणालात?” “पर्यावरण.” “हां, सध्या तेच चालतं बाहेर. ते, नाहीतर मग आदिवासी-बिदिवासी.” श्यामकांत हसला. शांतारामही हसला. अगदी वेळेवर, ना आधी ना नंतर; हे हसू त्यानं वर्षानुवर्षं घोटून तयार केलं होतं. सुरुवातीला श्यामकांतनं “मेंगाळ म्हणजे नेमके कोण?” असं विचारलं होतं, तेव्हा “नगर जिल्हा” असं उत्तर देऊन त्यानं विषय भूगोलात नेला होता. दिल्लीचं हे एक बरं असतं. सोसायटीत पंजाबी, बंगाली, मल्याळी; त्यांच्यालेखी तो ‘महाराष्ट्रियन’ होता आणि एवढ्यानं त्यांचं पूर्ण समाधान व्हायचं. सोसायटी नवी, आठ मजल्यांची, लिफ्टचा वास अजून रंगाचा. जमीन शेजारच्या गावची. त्या सबंध सोसायटीत मूळचा म्हणावा असा एकच माणूस होता, आणि तो गेटवर बसून गाड्यांचे नंबर वहीत उतरवायचा. आज त्यानं सलाम केला तेव्हा शांतारामनं नेहमीसारखी मान हलवली आणि पुढं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण त्याच्या पायांकडं पाहत होतो. प्लास्टिकच्या चपला होत्या.

बुधवारी संध्याकाळी संपदा सामान घेऊन घरी आली. त्याच्या बायकोनं, चंद्रप्रभानं मुलीसाठी नाचणीच्या भाकऱ्या केल्या होत्या; पीठ गावाहून दिराबरोबर आलेलं, दोन महिने फ्रीजमध्ये राखलेलं. चंद्रप्रभा घरात कमी बोलायची. बोलायचं असलं की वाढायची. जेवताना संपदानं पाण्याचा एक घोट घेतला आणि सरळ सांगून टाकलं. “पप्पा, पर्यावरण वगैरे काही नाहीये. मी ठाकर म्हणून जातेय. आईला माहीत आहे. तुम्हाला नाही सांगितलं, कारण तुमचं ऑफिस.” “अच्छा,” शांताराम म्हणाला. आपला चेहरा आश्चर्याचा दिसावा म्हणून त्यानं भुवया उंचावल्या. त्या जरा जास्तच वर गेल्या असं त्याला वाटलं. “म्हणजे कसं, कोण पाठवतं?” “पाठवायला कशाला कोण लागतं? तीच तर त्याची खासियत आहे. बाकीच्या सभांना संस्थेची मान्यता हवी, ये हवं, वो हवं. इथं जो आदिवासी आहे तो येऊ शकतो. तिकिटासाठी फंड आहे, त्याचा फॉर्म भरायचा, समाजाच्या संस्थेचं पत्र लावायचं, बस. आदल्या दिवशी यादीत नाव द्यायचं, पाच मिनिटं मिळतात. भाषणाच्या कॉपीज मागच्या टेबलावर ठेवायच्या, ज्याला पाहिजे तो उचलतो. तुम्ही पण येऊ शकला असता.” “मी?” “का? तुम्ही नाही का ठाकर?” ती हसत होती. भाकरीचा तुकडा मोडायला शांतारामला दोन्ही हात लागले.

मग ती उत्साहात आली. “आणि मज्जा काय माहितीये? सरकारचा एक माणूस दरवर्षी उठतो आणि सेम टू सेम पॅरा वाचतो. आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.” ती पाठ ताठ करून बसली, बोटानं चष्मा वर सरकवल्यासारखं केलं, चष्मा नसताना, आणि त्याचं वाक्य म्हणून दाखवलं. इंग्रजीत, एका दमात, अर्धविरामासकट. त्या अर्धविरामाच्या जागी तेव्हा सुजलेल्या गालात कळ आली होती, हे त्याला लख्ख आठवलं. चंद्रप्रभाला ते वाक्य कुणाचं हे ठाऊक होतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. त्याच्या पानात न मागता आणखी एक भाकरी टाकली. “कोण असेल ना पप्पा तो लिहिणारा? मला ना वाटतं, कुणीतरी एकदम बोअर, खडूस माणूस असणार. डोंगर पाहिला नसेल त्यानं कधी.” “असेल,” शांताराम म्हणाला, “कामाच्या घाईत असेल.” “ग्यारह साल?” त्यानं पाण्याचा तांब्या पुढं ओढला. आणि मग तिनं ते विचारलं, ज्याची तो मंगळवारपासून वाट पाहत होता. “एक सांगा. तो गार्ड. त्याचं नाव काय होतं? नाव असलं ना, की कुणी म्हणू शकत नाही की खोटं आहे.” “आठवत नाही.” “बिल्कुल नाही?” “लहान होतो मी.” “आणि आजी रडली होती ना? मी लिहिलंय तसं.” “लिहिलंस ना, मग झालं,” तो म्हणाला. चंद्रप्रभा ताट उचलता उचलता थांबली आणि पुन्हा उचलू लागली.

रखवालदाराचं नाव मारुती. ते तो रोज लिहीत होता. शांताराम मारुती मेंगाळ: सहीतलं मधलं अक्षर, हजेरीवर, फाइलीवर, मुलीच्या फीच्या अर्जावर. छपन्नचा भाद्रपद होता. कणगीतलं संपलेलं आणि शेतातलं यायचं, असे ते दिवस. आईनं राखीव रानातून कंद आणले होते, दिवसभर उकडले होते, आणि टोपली ओढ्यात उंबराच्या मुळीला बांधून नुकती कुठं सोडली होती, तेवढ्यात वरच्या काठावर साहेब आले. साहेबांना बूट होते. बापाला खाकी सदरा होता, खाली आपली नेहमीची लंगोटी, आणि पाय उघडे. साहेबांनी हातातली छडी टोपलीकडं केली आणि विचारलं, “कुणाची ही?” एवढंच. आवाजही चढवला नाही. पोरानं बापाकडं पाहिलं. बापानं टोपलीकडं पाहिलं, मग साहेबांच्या छडीकडं, मग कुठंच नाही, आणि पाण्यात उतरून लाथ मारली. मुळी तुटली नाही. दुसऱ्या लाथेला तुटली. पिवळ्या-पांढऱ्या चकत्या पाण्यावर पसरल्या, काही दगडांना अडल्या, काही वाहून गेल्या. बापाच्या अंगठ्याचं नख निघालं होतं आणि त्याचा लाल दोरा पाण्यात सरळ चालला होता. साहेब पुढं गेले. त्यांच्यामागं बाप. मग करवंदीच्या जाळीमागून आई बाहेर आली आणि म्हणाली, “गोळा कर रं.” दोघांनी गुडघाभर पाण्यातून गोळा केल्या. संध्याकाळी बाप जेवायला बसला. तिनं तेच वाढलं. त्यानं एक घास खाल्ला, म्हणाला, “कडू लागतंय.” “रातभर पान्यात व्हतं कुठं?” ती म्हणाली. मग तो पूर्ण जेवला. सगळेच जेवले. पुढच्या जूनमध्ये रखवालदाराच्या पगारावर शांताराम अकोल्याच्या वसतिगृहात गेला, तिथून नगरला, तिथून पुण्याला, तिथून दिल्लीला. बापाचा त्याला राग आला नाही, हेच त्याला कधी कुणाला सांगता आलं नव्हतं. संपदाच्या भाषणात तो रखवालदार परका होता, बूटवाला होता, आणि त्यामुळं गोष्ट सरळ झाली होती. टाळ्या पडतील अशी. खरी गोष्ट सांगितली तर टाळी कुठं वाजवायची हेच समजत नाही.

गुरुवारी मुलीला विमानतळावर सोडून तो ऑफिसात आला. सातवा परिच्छेद दुपारपर्यंत हवा होता. खात्यात नवा संगणक आला होता, त्यावर क्रोशाचं झाकण घालून ऑपरेटर जेवायला गेला होता. शांताराम एकेकाळी टायपिंगची परीक्षा पास होऊन नोकरीला लागलेला; त्यानं झाकण काढलं, गेल्या वर्षीची फ्लॉपी घातली, साल बदललं, आणि सातच्या आकड्यापुढं बोटं ठेवून बसून राहिला. ‘या घटनेची नोंद आढळत नाही.’ पाच शब्द. खोटेही नव्हते, कुठल्या दप्तरात असणार होती नोंद? पाठीमागं काठावर कुणी उभं आहे असं वाटून त्यानं वळून पाहिलं. भिंतीवर कूलर होता. जीभ दाढेच्या जागेत गेली. मग त्यानं टाइप केलं, न थांबता: ‘निवेदनात उल्लेखिलेली टोपलीची घटना खरी आहे. ती सन १९५६ च्या भाद्रपदात घडली. रखवालदाराचे नाव मारुती मेंगाळ. तो त्याच जमातीचा होता व टोपली त्याच्या पत्नीची होती. त्याला बूट नव्हते. वर साहेब उभे होते. पत्नी रडली नाही. प्रस्तुत मसुदा तयार करणारा अधिकारी त्या दोघांचा मुलगा आहे.’ फाइलीवर टिपण लिहिलं: ‘प्रारूप गतवर्षीप्रमाणे. परिच्छेद ७ मध्ये वस्तुस्थिती जोडली आहे. अनुमोदनार्थ सादर.’ खाली सही केली, मधल्या अक्षरासकट. लपवलं काहीच नाही. त्याला वाटलं, आता दहा मिनिटांत बोलावणं येईल. मग वाटलं, तासाभरात. नोकरी जाईल, निदान बदली, निदान आवाज तरी चढेल. भीती होती आणि त्या भीतीत, सांगायला लाज वाटेल, थोडी मजाही होती.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काही नाही. शनिवार-रविवार त्यानं घरात फोनभोवती काढले. चंद्रप्रभानं विचारलं, “अहो, केलंत काय?” त्यानं सांगितलं. ती बराच वेळ गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालत राहिली, कुंडीतून वाहून जाईपर्यंत. मग म्हणाली, “मामंजींचं नाव बरोबर लिहिलंत ना?” सोमवारी सकाळी इंटरकॉम वाजला. “मेंगाळजी, वो सातवाँ पैरा...” शांताराम उभा राहिला. खुर्ची मागं आपटली. “जी सर.” “...दूसरे पन्ने पर चला गया है. दो पन्ने का स्टेटमेंट अच्छा नहीं लगता. फ़ॉन्ट छोटा करके एक में लाइए.” “सर, आपने पैरा...” “हाँ हाँ, देख लिया. लास्ट इयर जैसा ही है न?” “सर, उसमें वस्तुस्थिति...” “बस, वही चाहिए था. भेजिए.” त्यानं अक्षर लहान केलं. चार सह्या झाल्या, शेवटची दुपारी तीनला. चारही जणांनी आपापल्या सहीखाली ‘अनुमोदित’ लिहिलं होतं, एकानं हिरव्या शाईत. कागद फॅक्सच्या फटीतून आत जाताना मध्येच किंचित अडला, आणि गेला. आता जगात ते थांबवू शकेल असं कुणी नव्हतं. बुधवारी जिनिव्हात संपदा बोलणार, तिच्यानंतर सरकारचा माणूस उठणार, आणि साऱ्या सभेसमोर, तिच्यासमोर, तिच्या आजोबांचं नाव मोठ्यानं वाचणार.

बुधवारी तो साडेपाचच्या बसनं घरी आला आणि बूट न काढता फोनपाशी बसला. आठ वाजता लांबलचक घंटा वाजली. “पप्पा!” आवाजामागं माणसांचा गलबला होता. “बोललीस?” “नाही ना यार. वेळच नाही मिळाला. माझ्याआधी एकवीस जण राहिले होते. मग अध्यक्ष म्हणाले, उरलेल्यांनी कॉपीज टेबलावर ठेवा, वाचलं असं समजू. इतना ग़ुस्सा आया ना.” “आणि सरकारचं?” “त्याचं पण तसंच. बिचारा टाय घालून सकाळपासून बसलेला. त्यानं पण ठेवला आपला गठ्ठा, आमच्याच शेजारी.” शांतारामनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “तू घेतलीस त्यातली एक?” “कशाला?” “वाचायला.” “पप्पा, दरवर्षी तेच असतं.” “तरी घे. माझ्यासाठी घे एक.” “अच्छा बाबा, घेते उद्या. आईला द्या पटकन, कार्ड संपतंय.” त्यानं फोन बायकोकडं दिला आणि बूट काढायला वाकला. नाडीची गाठ बसली होती, सुटायला वेळ लागला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दौऱ्याचा अहवाल फाइलीला लागला. मुद्दा चार: निवेदन वेळेअभावी वाचता आले नाही, ते वाचले असे समजण्यात आले. मुद्दा पाच: पुढील वर्षी हाच मसुदा वापरण्यास हरकत नसावी. मुद्दा सहा: त्याच सायंकाळी टेबले आवरण्यात आली. निवेदनाच्या प्रती ठेवल्या, चाळीस. परत आणल्या, चाळीस.